२०११ मध्ये होस्टेलवर काढलेले बिटकॉइन आज मिळतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीला इंजिनिअरिंग करताना २०११ च्या जुलैपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत होस्टेलवरच्या कॉम्प्युटरला रेडिऑन ५७७० ग्राफिक्स कार्ड लावून मायनिंग (कॉम्प्युटरला गणितं करायला लावून नवे बिटकॉइन मिळवणं) केलं. सुरुवातीला कॉइन कॉम्प्युटरवरच्या वॉलेटमध्ये येत होते, नंतर मित्राच्या सांगण्यावरून पूलला (मिळून मायनिंग करणाऱ्यांच्या गटाला) एका ऑनलाइन वॉलेटचा पत्ता दिला. त्या वॉलेटचं नाव आठवत नाही. आता घर बदलताना माळ्यावर ३२० जीबीची हार्ड डिस्क सापडली आहे. पासवर्डात ‘विठ्ठल’ होतं आणि पुढे आकडे, एवढंच आठवतं. टेलिग्रामवर एक जण म्हणतोय, ‘सगळं काढून देतो, आधी पंचवीस हजार पाठवा.’ काय करावं?

त्या टेलिग्रामवाल्याला आधी ब्लॉक करा. त्याच्याबद्दल पुढे बोलूच. आणि ती डिस्क ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉम्प्युटरला जोडू नका. विंडोजला डिस्क दिसली की ते त्यावर काहीबाही लिहायला लागतं, आणि तुम्हाला हवा असलेला मजकूर नेमका तिथेच पडलेला असू शकतो.

मी स्वतः २०११ ते २०१३ हौसेनं मायनिंग केलं. गेली काही वर्षं लोकांची अडकलेली वॉलेटं उघडून द्यायचं काम करतो. येणाऱ्यांपैकी बरेच जण रिकाम्या हातानं परत जातात, हे आधीच सांगतो. पण का जातात, ते कळलं तर तुम्ही कोणत्या गटात बसता ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी किती कॉइन असू शकतात त्याचा हिशोब करू, कारण लोकांच्या डोक्यातला आकडा नेहमी फुगलेला असतो. २००९ मध्ये जवळजवळ वर्षभर डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड याचा आकडा) १ होती. म्हणजे सरासरी ४२९ कोटी हॅश (गणिताचे प्रयत्न) तपासले की एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) सापडायचा आणि त्याचे ५० कॉइन मिळायचे. सेकंदाला ५० लाख हॅश करणाऱ्या साध्या प्रोसेसरला हे चौदा-पंधरा मिनिटांचं काम. २०१० मध्ये लोकांनी हेच गणित ग्राफिक्स कार्डावर चढवलं आणि सगळं बदललं. त्यातही एएमडीची, म्हणजे तुमच्या रेडिऑनसारखी, कार्डं पुढे गेली. एसएचए-२५६ या मायनिंगच्या गणितात बिट गोल फिरवायचं काम सतत असतं, ते या कार्डांना एका सूचनेत जमायचं, शिवाय त्यांच्यात साधी गणितं करणारे कप्पेही भरपूर. एनव्हिडियाचं महागडं कार्ड घेऊन बसलेल्या आमच्या एका मित्राचा चेहरा मला अजून आठवतो.

२०११ च्या जुलैत डिफिकल्टी १५ लाखांच्या वर गेली होती. तुमचं ५७७० सेकंदाला १८ कोटी हॅश करत होतं असं धरलं, तर एकट्यानं एक ब्लॉक शोधायला सरासरी चौदा महिने लागले असते. नशीब असेल तर पहिल्याच दिवशी, नसेल तर तीन वर्षं. म्हणूनच पूल. २०१० च्या शेवटी एका चेक प्रोग्रामरनं पहिला पूल सुरू केला. सगळ्यांनी मिळून शोधायचं आणि ज्यानं जेवढी मेहनत केली तेवढा वाटा त्यानं घ्यायचा, भिशीसारखं. अशा पूलमध्ये तुमचा वाटा दिवसाला ०.११ ते ०.१५ कॉइनच्या आसपास पडला असेल. आठ महिने चोवीस तास कार्ड चाललं असतं तर तीसेक. पण लाइट जाणं, परीक्षा, मधूनच गेम खेळायला बंद केलेलं मायनिंग, सुट्टीत घरी जाणं हे सगळं वजा करा. दहा-पंधरा धरून चला. पाचशे नाहीत. दहा-पंधरासुद्धा आज किती होतात हे तुम्हाला सांगायला नको.

आता एक गंमत. जून २०११ मध्ये भाव तीस डॉलरच्या घरात जाऊन आला होता, नोव्हेंबरात तो दोन डॉलरपर्यंत घसरला. डॉलर तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास. म्हणजे तुमची दिवसाची कमाई पंधरा रुपये. कॉम्प्युटर दोनशे वॉट खात असेल तर दिवसाला पावणेपाच युनिटं. युनिटला पाच रुपये धरले तर चोवीस रुपयांची वीज. घरचं बिल भरणाऱ्यांनी त्या हिवाळ्यात कार्डं विकून टाकली. मायनिंग चालू राहिलं ते होस्टेलवर, कारण तिथे बिल कॉलेज भरत होतं. त्यामुळे तुमच्यासारख्या होस्टेलवाल्यांकडून चौकशी आली की मी जरा कान टवकारतो. मी तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून जुनं ५८५० आणलं होतं. कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून ठेवायचो. मे महिन्यात कार्ड नव्वद अंशांच्या पुढे गेलं की आई खोलीत यायची, फॅन स्वतःकडे वळवायची आणि कॉम्प्युटर फट्‌कन बंद पडायचा.

तर मुद्द्याचं. ‘माझे कॉइन वॉलेटमध्ये होते’ असं लोक म्हणतात तेव्हा त्याचे तीन अर्थ होऊ शकतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. कॉइन कुणाच्याच डिस्कवर नसतात, त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांसाठी खुल्या खातेवहीत, असते. तुमच्याकडे असते किंवा नसते ती प्रायव्हेट की, म्हणजे कॉइन हलवायला लागणारी गुप्त किल्ली. ती तुमच्या कॉम्प्युटरवर होती, की कुलूपबंद होऊन दुसऱ्याच्या सर्व्हरवर होती, की मुळात तुमच्याकडे कधी नव्हतीच?

पहिला प्रकार म्हणजे कॉम्प्युटरवरचं मूळ बिटकॉइन सॉफ्टवेअर. तुमचे सुरुवातीचे कॉइन याच्यात आहेत, म्हणून डिस्क महत्त्वाची. विंडोज ७ मध्ये यूजरच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात बिटकॉइन आणि त्यात वॉलेट.डॅट नावाची फाइल. हे फोल्डर लपवलेलं असतं, त्यामुळे ‘मी सगळं पाहिलं, काही नाही’ यावर मी विश्वास ठेवत नाही. नंतर विंडोज नव्यानं टाकलं असेल, डिस्क फॉरमॅट केली असेल, तरी ही जुन्या पद्धतीची फिरणारी डिस्क आहे. ज्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तिथला मजकूर तसाच राहतो. एसएसडी असती तर मी इतकी आशा दाखवली नसती.

करायचं असं. दुसरी, मोठी रिकामी डिस्क घ्या. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, जुनी डिस्क सॅटा-यूएसबी केबलनं जोडा, माउंट करू नका (म्हणजे तिच्यातल्या फाइल उघडू नका) आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं तिची शेवटच्या बाइटपर्यंत प्रत काढा. डिस्कमधून टकटक आवाज आला तर त्या क्षणी बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये न्या. पुढचं सगळं काम प्रतीवर. फाइल नाही सापडली तर पायवॉलेटसारखं साधन अख्खी प्रत चाळून कीसारखे दिसणारे तुकडे वेगळे काढतं.

फाइल मिळाली की लोक दुसरी चूक करतात. ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, शिल्लक शून्य दिसते आणि रडत मला फोन करतात. अहो, सॉफ्टवेअरनं अजून ब्लॉकचेन उतरवलेलीच नाही. २०११ मध्ये ती एक जीबीच्या आत होती, आता सहाशे जीबीच्या पुढे आहे. तोवर शून्यच दिसणार. फाइलमधले पत्ते काढून ते एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेन दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका. पत्ता सगळ्यांना पाहता येतो, त्यात धोका नाही. तेव्हाचे पत्ते १ या आकड्यानं सुरू व्हायचे. जमा झालेल्या रकमा, तारखा सगळं समोर येतं. तिथेच कळेल की कॉइन अजून आहेत की तुम्हीच कधीतरी त्या ऑनलाइन वॉलेटकडे वळवले होते.

एकापेक्षा जास्त प्रती सापडल्या तर एकही टाकून देऊ नका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खर्च केला की उरलेली रक्कम मूळ पत्त्यावर परत येत नसे, नव्या पत्त्यावर जायची. दहाची नोट मोडून सुटे दुसऱ्या खिशात टाकावे तसं. ऑगस्ट २०१० मध्ये एकाकडे ९,००० कॉइन होते. सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सवर त्यानं स्वतःलाच एक कॉइन पाठवला, बॅकअप आधीचाच ठेवला आणि मशीन बंद केलं. उरलेले ८,९९९ ज्या नव्या पत्त्यावर गेले त्याची की मशीनबरोबर पुसली गेली. ते कॉइन आजही ब्लॉकचेनवर दिसतात आणि कुणालाच हलवता येत नाहीत. पुढे सॉफ्टवेअर शंभर की आधीच करून ठेवायला लागलं. तरी तुमचा बॅकअप जुना आणि व्यवहार बरेच असतील तर हीच गत होऊ शकते.

पासवर्डचं पाहू. या सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटला पासवर्ड घालायची सोय मुळात सप्टेंबर २०११ मध्ये आली. त्याआधीची तुमची प्रत सापडली तर ती उघडीच असणार. (म्हणूनच त्या वर्षी जूनमध्ये एकाच्या विंडोज कॉम्प्युटरमधून २५,००० कॉइन चोरीला गेले.) त्याहून मजेची गोष्ट, त्या पहिल्या आवृत्तीत एक दोष होता: पासवर्ड घातल्यावरही फाइलच्या मोकळ्या जागेत जुन्या उघड्या की राहून जायच्या. दोन महिन्यांत तो दुरुस्त झाला. तेव्हा त्यावरून बोंबाबोंब झाली होती; मी मात्र प्रत्येक जुन्या फाइलमध्ये आधी तोच शोधतो.

कुलूप खरंच असेल तर ‘विठ्ठल आणि आकडे’ हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे. मराठी माणसाचा पासवर्ड फोडताना इंग्रजी शब्दांच्या याद्यांचा काडीचा उपयोग नाही. आपण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो आणि प्रत्येक जण आपल्या तऱ्हेनं लिहितो. विठ्ठलचंच घ्या. सुरुवातीला व्ही की डब्ल्यू, हे दोन. वेलांटीसाठी आय की दोन ई, हे दोन. ‘ठ्ठ’साठी एक टी, दोन टी, टीएच की दोन टी आणि एच, हे चार. शेवटी एक एल, दोन एल की एल आणि ए, हे तीन. झाले ४८. पहिलं अक्षर मोठं की लहान, म्हणजे ९६. पुढे चार आकडे असतील तर दहा हजारांनी गुणा: ९ लाख ६० हजार. सेकंदाला शंभर पासवर्ड तपासले तरी दोन तास चाळीस मिनिटांत संपतं. याउलट कुणी ‘काहीतरी उलटसुलट बटणं दाबली होती, दहा-बारा’ म्हणालं की मी चहा पाजून पाठवून देतो.

म्हणून आज रात्री कागद घेऊन बसा. त्या काळात वापरलेले सगळे पासवर्ड लिहून काढा. गाडीचा नंबर, रोल नंबर, खोलीचा नंबर, जन्मसाल, गावाचा एसटीडी कोड. मेलचा तेव्हाचा पासवर्ड काय होता? जुन्या मित्राला विचारा, त्यानंच खातं उघडून दिलं असेल तर पासवर्डही त्याच्याच सवयीचा असेल. माझ्याकडे एक जण आले होते, त्यांनी तीन महिने स्वतःच्या आठवणी उपसल्या आणि शेवटी निघाला तो बहिणीच्या मोपेडचा नंबर.

दुसरा प्रकार ऑनलाइन वॉलेटचा, पण त्यातला बरा. २०११ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ब्लॉकचेन.इन्फो हे त्याचं मुख्य उदाहरण. यात की तुमच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद व्हायची आणि तो बंद डबा त्यांच्या सर्व्हरवर राहायचा. पासवर्ड त्यांनाही माहीत नाही, त्यामुळे ‘विसरलो’ म्हणून नवा मिळत नाही. हवा असतो वॉलेटचा ओळख क्रमांक: मध्ये मध्ये आडव्या रेघा असलेला छत्तीस अक्षरांचा. जुन्या मेलमध्ये ‘वॉलेट’ शोधा, स्वागताच्या पत्रात तो सापडतो, कधी बंद डब्याची बॅकअप फाइलही जोडलेली असते. त्या काळच्या डब्यांचं कुलूप आजच्या मानानं हलकं आहे, पासवर्ड झपाट्यानं तपासता येतात. कुणाकडे शब्दांची यादी लिहिलेली असेल तर एक लक्षात ठेवा: तिथल्या सुरुवातीच्या शब्दांमधून पासवर्ड परत मिळायचा, प्रायव्हेट की मिळायची नाही. आजच्या वॉलेटमध्ये ते बारा-चोवीस शब्द घालत बसलात तर ते ‘चुकीचे’ म्हणूनच सांगेल. टाकून देऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ वहीतली नोंद. प्रायव्हेट की वॉलेट चालवणाऱ्यांकडे, तुमच्याकडे फक्त नाव आणि पासवर्ड. सावकाराकडे दागिने ठेवावेत तसं, फक्त सावकाराचं नावगाव माहीत नाही. मायबिटकॉइन २०११ च्या जुलैअखेरीस अचानक गायब झालं, ऑगस्टमध्ये परत येऊन म्हणालं की निम्म्याहून जास्त कॉइन चोरीला गेले. इन्स्टावॉलेटमध्ये तर खातं, पासवर्ड काहीच नव्हतं. वेबसाइटचा एक लांबलचक पत्ता मिळायचा, तो ज्याच्या हाती त्याचं पाकीट. एप्रिल २०१३ मध्ये चोर आत घुसल्यावर ते बंद पडलं. इनपुट्स.आयओ त्याच वर्षी ऑक्टोबरात गेलं, ४,१०० कॉइन घेऊन. आणि माउंट गॉक्स हा बिटकॉइनचा बाजार सगळ्यांना ठाऊक आहे: फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी, साडेआठ लाख कॉइनचा घोळ, त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. दावा केलेल्यांना कॉइन परत मिळायला सुरुवात व्हायला जुलै २०२४ उजाडावा लागला. ज्यांनी मुदतीत दावाच केला नाही, त्यांच्यासाठी आता पासवर्ड आठवूनही उपयोग नाही.

मीही यातच पोळलोय. अकरा कॉइन एका ऑनलाइन वॉलेटमध्ये होते. एका सोमवारी पान उघडलं तर ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी. रोज सकाळी दूध तापत ठेवून मी ते पान रिफ्रेश करायचो. तीन आठवड्यांनी एक दिवस पाटीही दिसेना. तेव्हा त्यांची किंमत एका बऱ्या मोबाइलएवढी होती, म्हणून फार मनाला लावून घेतलं नाही. आता हिशोब करतच नाही.

तुमचं ऑनलाइन वॉलेट कोणत्या प्रकारातलं होतं हे डिस्कवरच कळेल: ब्राउझरची हिस्टरी, साठवलेले बुकमार्क, मेलमधल्या पावत्या. तिसऱ्या प्रकारातलं निघालं तर तिथले गेले असं समजा आणि आधीच्या, कॉम्प्युटरवरच्या कॉइनवर लक्ष द्या. पूलच्या खात्यात थोडी रक्कम अडकून राहिली असेल, तर तीही बहुतेक गेली. बीटीसी गिल्डसारखे मोठे पूलही २०१५ मध्ये बंद झाले.

आता तो टेलिग्रामवाला. खरं काम करणारा आगाऊ पैसे मागत नाही, वॉलेट उघडलं की टक्केवारी घेतो. त्याहून मोठी खूण: तो तुमच्याकडे अख्खी फाइल मागत नाही. बीटीसीरिकव्हर या मोफत साधनासोबत एक छोटी स्क्रिप्ट येते. ती वॉलेट.डॅटमधून कुलूपबंद मास्टर कीचा (बाकी कींचं कुलूप उघडणाऱ्या कीचा) अर्धाच तुकडा बाहेर काढते. त्यावर पासवर्ड बरोबर की चूक एवढंच तपासता येतं, कॉइन हलवता येत नाहीत. फाइल आणि पासवर्डच्या आठवणी दोन्ही एकाच माणसाला दिल्या, तर तो ‘नाही जमलं’ म्हणेल आणि तुम्हाला खरंखोटं कधी कळणार नाही. पुण्यानं बिटकॉइनच्या नावानं झालेली फसवणूक मोठ्या प्रमाणावर पाहिलीय. ‘गेनबिटकॉइन’नं अठरा महिने दरमहा दहा टक्के देतो म्हणून लोकांचे कॉइन गोळा केले, मायनिंगच्याच नावाखाली; २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. त्यात पैसे घातलेले माझ्या ओळखीत आहेत, चांगले शिकलेले.

समजा, प्रायव्हेट की मिळाली. घाईनं मोबाइलमध्ये टाकू नका. चांगलं हार्डवेअर वॉलेट (की जपणारं छोटं वेगळं उपकरण) घ्या, नवा पत्ता करा, आधी चिमूटभर पाठवून पाहा, मग बाकी. पूलनं तुम्हाला ०.०५, ०.१ असे तुकडे पाठवले असतील. फी रकमेवर नसते, व्यवहार किती बाइटचा त्यावर असते, आणि जुन्या पत्त्यावरचा प्रत्येक तुकडा सुमारे १४८ बाइट घेतो. दोनशे तुकडे एकत्र केले की तीस हजार बाइट. बाइटला १० सातोशी (सातोशी म्हणजे कॉइनचा दहा कोटीवा भाग) दर असेल तर ०.००३ कॉइन फी. म्हणून गर्दी कमी असेल तो दिवस बघा. बिटकॉइन हलवून झाले की त्याच कीवर बिटकॉइन कॅश हे दुसरं चलनही असेल, ते १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून फुटून वेगळं झालं. पण ते नंतर. आधी त्याच्या मोहात पडून कुठल्याशा वॉलेटमध्ये की टाकणारे मी पाहिलेत.

विकायचं ठरवलंत तर आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस, व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मायनिंगसाठी केलेला कार्डाचा, विजेचा खर्च वजा करता येत नाही हे सरकारनं २०२२ मध्येच संसदेत सांगितलंय. तुमच्या बाबतीत वीज कॉलेजची होती, तो भाग सोडा. पण सीएशी बोलल्याशिवाय एकही कॉइन विकू नका, आणि पूलच्या जमा नोंदींची छपाई जपून ठेवा, हे आलं कुठून हा प्रश्न येणारच.

प्रत काढून झाली की आणखी एक फाइल शोधा. मायनिंग सुरू करायला तुम्ही डेस्कटॉपवर एक बॅट फाइल ठेवली असणार, सगळेच ठेवायचे. नोटपॅडमध्ये उघडली की एकच लांब ओळ दिसेल: पूलचं नाव, तुमचं यूजरनेम, पासवर्ड. पासवर्डाचा भाग पुसा आणि उरलेली ओळ मला कळवा. पूल कोणता ते समजलं की तुमचे कॉइन कोणत्या पत्त्याकडे गेले याचा माग लावता येतो का ते पाहू.